'डोरे दुखतेत' यात चूक काय?

नागपूरच्या एका २४ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. बी.एस्सी. झाल्यावर गेली दोन वर्षं ती एका कंपनीत मराठी ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करण्याचं काम करते. मोबाइलला आणि कॉम्प्युटरला मराठी बोलणं समजावं म्हणून हे काम चालतं. प्रमाण मराठीत न बसणारं रूप आलं की त्यापुढे 'चूक' अशी खूण करायची, अशी तिथली सूचना आहे. एके दिवशी भंडाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंचं मुद्रण आलं: "डोरे दुखतेत." हिने 'डोळे' असं लिहिलं आणि 'चूक' ही खूण केली. पण ते मनातून जाईना, कारण तिची आजीही असंच बोलायची. तेव्हापासून ती भाषाविज्ञानाबद्दल मिळेल ते वाचते आहे आणि आता त्यात दोन वर्षांचं एम.ए. करावं असं तिला वाटतं. वडिलांचं नागपूरच्या महाल भागात स्टेशनरीचं दुकान आहे, धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला आहे आणि ती पगारातले आठ हजार दर महिन्याला घरी देते. वडिलांचं म्हणणं असं: "भाषा तं तुले येतेच. जन्मल्यापासून बोलूनच राहिली ना तू? मंग दोन वर्सं काय शिकशीन तिथं?" ती विचारते, मला तीनच भाषा येतात आणि माझी मराठी शुद्ध नाही, तर मी या विषयाला लायक आहे का? लोक भाषेचा अभ्यास करतात तरी कशासाठी? आणि बाबांना काय सांगू?

प्रिय मुली,

आधी त्या भंडाऱ्याच्या बाईंचं बघू. बाकी सगळं तिथूनच निघतं.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे आपली झाडीपट्टी. तिथल्या जुन्या बोलीत ळ नाही, त्या जागी र येतो. म्हणून डोळा तिथे डोरा होतो. उलट्या दिशेला, वऱ्हाडाकडे गेलीस की तोच ळ य होतो: डोया, शाया, काया. आता विचार कर. ज्याची चूक होते तो एकदा असा चुकतो, एकदा तसा, कधी बरोबरही बोलतो. या बाई तशा बोलत नाहीत. ळ जिथे जिथे यायला हवा तिथे तिथे र आणतात, त्यांची आई तसंच आणायची, शेजारीणही तसंच आणते. इतक्या नेमाने होणाऱ्या गोष्टीला नियम म्हणतात. तू ज्या खुणेवर अडलीस, तिथे भाषाविज्ञानाचा पहिला धडा तुझा तुलाच मिळाला. 'हे बरोबर की चूक' हा प्रश्न बाजूला ठेवून 'इथे कोणता नियम चालू आहे' असं विचारायचं, तिथून हा विषय सुरू होतो.

हे मला फार उशिरा कळलं. मी एकोणतीस वर्षं नागपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. आमच्याकडे खेड्यातून आलेली बरीच मुलं होती. ती निबंधात 'पानी' लिहायची आणि मी लाल शाईने न खोडून वर ण काढायचे. शंभरदा, हजारदा काढला असेल. एक मुलगा पाचवीत होता, त्याने शेवटी निबंधात पाण्याचा उल्लेखच टाळायला सुरुवात केली. नदीवर निबंध लिहिला आणि त्यात पाणी नव्हतं! मी त्या वेळी ते नीट पाहिलं नाही. आज पाहिलं असतं.

निवृत्तीच्या आसपास पाणी आणि पान या दोन शब्दांची गोष्ट वाचनात आली. संस्कृतात 'पानीय', तिथे न. आपण म्हणतो पाणी, तिथे ण. संस्कृतात 'पर्ण', तिथे ण. आपण म्हणतो पान, तिथे न. सगळंच उलटंपालटं झाल्यासारखं वाटतं ना? पण यातही नेम आहे. दोन स्वरांच्या मध्ये एकटा न असला तर मराठीत त्याचा ण झाला. आणि पर्णचं प्राकृतात 'पण्ण' झालं, ण जोडीने आला, त्या जोडीचा पुढे एकच न उरला. कर्ण, कण्ण, कान हीच वाट. ल चंही तसंच. संस्कृत 'फल' मध्ये ल एकटा, त्याचं फळ झालं. 'फुल्ल' मध्ये ल जोडीने, त्याचं फूल राहिलं, फूळ झालं नाही. आपल्यापैकी कुणी हे ठरवलेलं नाही. शेकडो वर्षं लाखो लोक बोलत राहिले आणि हा नेम कुणाच्या ध्यानीमनी नसताना पाळला गेला. मग आपल्याकडच्या बोलीत ण पुन्हा न कडे गेला आणि पोरं 'पानी' म्हणू लागली. मूळ संस्कृतात न आहे म्हणून 'पानी' जास्त शुद्ध ठरतं, असं मी म्हणत नाही. वय जास्त म्हणून एखादं रूप शुद्ध होत नाही, कमी म्हणून अशुद्धही होत नाही. शाळेत प्रमाण लेखन शिकवायलाच हवं, अर्ज, बातम्या, पुस्तकं त्यावर चालतात. ते शिकवताना मुलाच्या तोंडातल्या शब्दाला चूक म्हणायची गरज नव्हती, एवढंच. 'घरी पानी, परीक्षेत पाणी' एवढं मी त्या मुलाला सांगू शकले असते.

तेव्हा 'माझी मराठी शुद्ध नाही' ही तुझी अडचण मी अडचणीत मोजतच नाही. प्रमाण मराठीच कानावर पडलेल्या माणसाला 'डोरे' ऐकून काही झालं नसतं. तुझ्या कानात आजी होती म्हणून तू थांबलीस.

दुसरी समजूत तीन भाषांची. खूप भाषा येणं हे वेगळं कौशल्य आहे. पोहता येणाऱ्याला पाण्यात शरीर का तरंगतं ते सांगता येईलच असं नाही, आणि ते सांगणाऱ्याला पोहायला यायलाच हवं असंही नाही. एकाच भाषेवर सगळं आयुष्य घालवलेले भाषावैज्ञानिक आहेत. त्यांना लागते ती आपल्याच बोलण्याकडे परक्यासारखं पाहण्याची सवय. ती तुला आहे का, हे आत्ताच बघता येईल. मोठ्याने म्हण: माझा. आता म्हण: माझी. दोन्हीकडे अक्षर झ आहे. पण जीभ कुठे टेकते ते बघ. 'माझा' म्हणताना ती वरच्या दातांच्या मुळाशी टेकते, 'माझी' म्हणताना मागे टाळूकडे सरकते. उंच आणि उंची म्हणून बघ, तोच प्रकार. आणि 'चिंच' या एवढ्याशा शब्दात दोन वेगळे च आहेत, पुढचा टाळूचा, शेवटचा दातांचा. पुढे इ आला की दातांचा आवाज टाळूकडे जातो, हा नियम तू चालायला शिकलीस त्या वयात शिकलीस. आई-बाबांनी शिकवला नाही, कारण त्यांनाही तो माहीत नाही. शाळेत शिकवला नाही, कारण लिपीत त्याला वेगळं अक्षरच नाही. तरी तू तो एकदाही मोडत नाहीस.

हे वाचताना तू खरंच तोंडाने म्हणून पाहिलंस का? म्हणून पाहिलं असशील आणि पुढे 'मग जरा म्हणजे थोडं आणि जरा म्हणजे म्हातारपण, यांचे ज वेगळे का?' असं स्वतःहून सुचलं असेल, तर लायकीचा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

आता तुझ्या बाबांचं वाक्य. तू ते जसंच्या तसं लिहून पाठवलंस याबद्दल मनापासून आभार, कारण 'दोन वर्सं काय शिकशीन' याचं उत्तर त्या वाक्यातच आहे. तेच घेऊन बसू.

'शिकशीन' घे. पुस्तकी मराठीत मी शिकेन, तू शिकशील, तो शिकेल. मी ला न, बाकीच्यांना ल. आपल्या बोलीत तो न सगळीकडे पसरला: तू जाशीन, तो येईन. एका ठिकाणचं रूप शेजारच्या रूपांना आपल्यासारखं करून घेतं, याला भाषाविज्ञानात सादृश्य म्हणतात आणि जगातल्या सगळ्या भाषांत ते चालतं. प्रमाण मराठीही सुटलेली नाही. जुन्या पुस्तकांत 'तो करील' असायचं, आज सगळे सर्रास 'करेल' म्हणतात आणि कुणी लाल शाई काढत नाही. 'तुले' मधला ले घे. नागपुरातून पश्चिमेला निघ, वऱ्हाड ओलांड, खानदेशात अहिराणीपर्यंत हा ले तुला भेटत राहील. मग कुठल्या गावापासून तो ला होतो? अशा रेषा नकाशावर काढणं हा एक अख्खा अभ्यास आहे.

आणि 'बोलून राहिली'. यावर नागपूरच्या माणसाला पुण्यात किती ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे. 'जाऊन राहिलो म्हणजे काय, जातो आहेस की राहतो आहेस?' असं विचारतात. पण तेच लोक 'काम करून टाक' म्हणतात तेव्हा काय टाकतात? 'ऐकून घे' म्हणतात तेव्हा काय घेतात? क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून दुसऱ्या क्रियापदाच्या मागे उभं राहतं आणि काम कसं चाललंय एवढंच सांगतं, ही मराठीची जुनी रीत आहे. त्यात आपण 'राहणे' घातलं. हिंदीतल्या 'बोल रही है' चा त्यात हात आहेच. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी दोन्ही मुलखांची राजधानी होतं, कचेरीपासून इतवारीच्या बाजारापर्यंत दोन्ही भाषा एकाच तोंडात असायच्या. तशा ठिकाणी भाषा एकमेकींकडून शब्दांसोबत वाक्याचे साचेही उचलतात. बाबांच्या त्या दोन शब्दांत या शहराचा इतिहास आहे.

ध्वनी, शब्दाची घडण, वाक्याची रचना हे झालं. उरला अर्थ. 'काय शिकशीन तिथं?' याचा शब्दशः अर्थ अभ्यासक्रम विचारणं असा होतो. पण तू अभ्यासक्रमाची यादी दाखवलीस तर त्यांचं समाधान होईल का? नाही होणार. त्यांनी माहिती विचारलेलीच नाही. दुकानात वह्या-पेनांचा धंदा ऑनलाइनमुळे बसत चाललाय, मुलाची फी आहे, त्यात मुलीचे आठ हजार थांबले तर काय, ही धास्ती त्यांनी प्रश्नाच्या रूपात बोलून दाखवली, असं मला वाटतं. शब्द एक म्हणतात आणि माणूस त्यातून दुसरंच काही करतो, याचाही या विषयात रीतसर अभ्यास होतो. बाबांशी बोलण्याआधी तो तुला उपयोगी पडेल.

लोक हे सगळं कशासाठी करतात, या तुझ्या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बांधलं. त्यात त्याने पूर्वेकडचे लोक असं म्हणतात, उत्तरेकडचे असं म्हणतात, अशीही नोंद ठेवली, आणि त्या रूपांना पर्याय म्हणून जागा दिली. त्यांच्यापुढे 'चूक' अशी खूण केली नाही. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून आल्या असाव्यात असं भाषण केलं, आणि भाषांची कुळं लावण्याच्या कामाला जोर आला. ग्रियर्सन नावाच्या आयरिश सनदी अधिकाऱ्याने १८९४ ते १९२८ अशी चौतीस वर्षं हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्याने बोलीबोलीत सांगून घेतली, म्हणजे ताडून पाहता येतं. १९०५ च्या मराठीच्या खंडात आपल्या वऱ्हाडी-नागपुरीचेही नमुने आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडचा कुणीतरी ती गोष्ट बोलला आणि कुणीतरी ती खूण न करता उतरवून घेतली. ते नमुने शोधून वाच, गंमत म्हणून नको, तुझ्याच कामाचा तो पूर्वज आहे म्हणून वाच.

पण मला विचारशील तर या अभ्यासाचं कारण शोधायला नागपूरच्या बाहेर जावंच लागत नाही. आपण समजतो विदर्भात मराठी आणि थोडी हिंदी. प्रत्यक्षात नकाशा काढून बघ. मराठी, तिच्या बोली आणि हिंदी या आर्य कुळातल्या. गोंडी, माडिया, कोलामी या द्राविड, म्हणजे तेलुगू-तमिळच्या नात्यातल्या. हे शहर वसवणारा बख्त बुलंद शहा गोंड राजा होता, आणि महालातल्या तुझ्या दुकानाच्या आसपास एकेकाळी गोंडी सर्रास कानावर पडत असणार. मेळघाटात कोरकू, ती मुंडा गटातली, तिचं लांबचं नातं थेट कंबोडिया-व्हिएतनामच्या भाषांशी. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली, तिला जगात कुठेच नातलग सापडलेली नाही, बोलणारे दोन-अडीच हजार. आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, म्हणजे तिबेटी-बर्मी कुळही आलं. पाच वेगवेगळी मुळं, आणि आपण त्यांच्यामधून एसटीने रोज जा-ये करतो.

या भाषा नुसत्या शेजारी राहिल्या नाहीत. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत आपण किती सहज फरक करतो! ऐकणारा सोबत असला तर आपण, नसला तर आम्ही. हिंदीला तिथे एक 'हम' पुरतो, इंग्रजीलाही एकच शब्द. तमिळ-तेलुगूत मात्र आपल्यासारखेच दोन शब्द आहेत, आणि मराठीत हा भेद इतका घट्ट टिकला त्यामागे द्राविड शेजार असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. कुणाच्या सोबतीने आपण आज आहोत तसे झालो, हे कागदपत्रांत लिहिलेलं नसतं तेव्हा भाषेत सापडतं.

पोटापाण्याच्या बाजूनेही बघ. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख निघाले. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये मुलांसाठी गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. अशा शाळेला पुस्तक लागतं. ते कोणत्या लिपीत? देवनागरीत, तेलुगूत, की गोंडीच्या स्वतःच्या लिपीत, आणि त्याही दोन आहेत. तेलंगणातल्या आदिलाबादची गोंडी घ्यायची की मध्य प्रदेशातल्या मंडल्याची? हे ठरवायला भाषेवर माया असलेली माणसं लागतात, आणि तिचे नियम ठाऊक असलेलीही. आणि तुझं आजचं काम? उद्या एखादी म्हातारी दवाखान्याच्या फोनवर यंत्राशी बोलेल, "डोरे दुखतेत" म्हणेल. तुझ्यासारख्यांनी त्यापुढे 'चूक' लिहून ठेवलं असेल तर यंत्राला ते कळणार नाही आणि तिला परत परत बोलायला लावलं जाईल. 'झाडीबोलीत डोरे म्हणजे डोळे' अशी नोंद असेल तर कळेल. ही नोंद कशी करावी हे ज्याला कळतं, त्याची त्या धंद्यात गरज आहे. वरच्यांशी बोलून 'चूक' च्या जागी 'बोलीतलं रूप' अशी वेगळी खूण सुरू करता येईल का, ते विचारून बघ. शंभर उदाहरणं गोळा करून दाखव, तोंडी तक्रार करू नकोस. ऐकतील की नाही सांगता येत नाही, पण ती शंभर उदाहरणं तुझीच राहतील, तिथल्या मुद्रणांची प्रत मात्र बाहेर नेऊ नकोस.

आता एक गोष्ट मला तुला विचारायची आहे, आणि हिचं उत्तर घाईने देऊ नकोस. तुला भाषाविज्ञान हवं आहे की ही नोकरी नको आहे? दोन्ही खरं असू शकतं, पण वेगळं करून बघायला हवं. कारण भाषाविज्ञानातही तासन् तास हेडफोन लावून एकच वाक्य पन्नासदा ऐकावं लागतं, उतरवावं लागतं, आवाजाचे आलेख काढून मोजावे लागतात. वाक्यरचना शिकताना गणितासारखी मांडणी असते, आणि बहुतेक वाचन इंग्रजीत. तुला ऐकण्याचाच कंटाळा आला असेल तर एम.ए.ने तो जाणार नाही. फक्त ती खूण खुपत असेल, आणि ऐकणं अजून आवडत असेल, तर पुढचं वाच.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. मी हे भीतीपोटी सांगत नाही. हा विषय नोकरी करता करता बराच चाखून पाहता येतो, आणि इतर अनेक विषयांबद्दल असं म्हणता येत नाही. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर भाषाविज्ञानाची ओळख करून देणारे मोफत अभ्यासक्रम आहेत. एक पुरा कर, अर्धा सोडू नकोस, अर्धा सुटला तर तेही एक उत्तरच समज. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं जिल्ह्याजिल्ह्यातलं सर्वेक्षण करून मुद्रणं इंटरनेटवर ठेवली आहेत, त्यातली विदर्भातली रोज रात्री एक ऐक. शिक्षणाच्या जागा म्हणशील तर पुण्याला हेच डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, हैदराबाद आणि दिल्लीतल्या विद्यापीठांचे विभाग. घर सोडणं जड जाणार असेल तर आधी नागपूर विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागात स्वतः जाऊन चौकशी कर. वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालयही आहे, तिथे भाषाविज्ञान हिंदीतून शिकता येतं आणि वर्धा रेल्वेने सव्वा-दीड तासावर आहे. बी.एस्सी. झाल्याने बहुतेक ठिकाणी अडत नाही, पण प्रवेशाचे नियम दरवर्षी तपासून घे. शक्य झालं तर एखाद्या विभागात दिवसभर जाऊन बस, शिकणाऱ्या मुलांशी कॅन्टीनमध्ये बोल. माहितीपत्रकात नसतं ते तिथे कळतं.

बाबांकडे जाशील तेव्हा 'मला आवड आहे' इथून सुरुवात करू नकोस. त्यांची काळजी पैशाची आहे, तर आधी पैशावर बोल. तुझ्या आठ हजारांवर घरातली कोणती गोष्ट अवलंबून आहे, भावाची फी की किराणा, हे त्यांच्याच तोंडून समजून घे. मग वर्षभरात किती बाजूला टाकता येतील, शिकताना सुट्टीच्या दिवशी टायपिंगचं काम किती घेता येईल, याचा कागदावर हिशेब मांड. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा विषय आहे, तिच्यातून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाला सुरुवातीला महिना ३७ हजार मिळतात, हेही सांग. पण मिळेलच असं सांगू नकोस, ती थोड्यांना मिळते. भाषा-तंत्रज्ञानाच्या कंपन्या, शब्दकोशाचं काम, पाठ्यपुस्तकं, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेसारख्या ठिकाणचे प्रकल्प, अध्यापन, अशा वाटा आहेत, आणि प्राध्यापकीच्या कायम जागा फार कमी आहेत. ही दुसरी बाजूही तूच सांगितलीस तर त्यांचा पहिल्या बाजूवर विश्वास बसेल. हिशेब या वर्षी जमला नाही तर एक वर्ष थांब. चोविसाव्या वर्षी नाही जमलं तर पंचविसाव्या वर्षी जमेल, या विषयाला वयाची घाई नाही.

ज्यांना एम.ए. करायचंच नाही, पण आजीचं बोलणं आठवून जीव हळहळतो, अशा इतर वाचकांनीही एक काम करावं. घरातल्या जुन्या माणसाला परवानगी विचारून फोनवर मुद्रण करावं. 'तुमच्या बोलीतले शब्द सांगा' असं म्हणू नये, मग ती माणसं बुजतात आणि पुस्तकी बोलू लागतात. पावसाळ्याआधी घर कसं शाकारायचे, सांडगे कसे घालायचे, लग्नात वरात कशी यायची, असं काहीतरी विचारावं आणि मधे बोलू नये. मुद्रणाच्या सुरुवातीला गाव, तालुका, वय आणि तारीख बोलून ठेवावी. नंतर ऐकताना जो शब्द अडेल तो जसा ऐकू आला तसाच लिहावा. तुझ्या आजीचं असं काही उरलं आहे का ते तू पत्रात लिहिलं नाहीस. नसेल तर तिच्या बहिणी, भावजया कुठे आहेत ते शोध, लवकर.

आणि बाबांचं मूळ गाव कुठलं? तेही पत्रात नाही. आजी 'डोरे' म्हणायची म्हणजे एक बाजू झाडीकडची दिसते, पण ती आईची आई की बाबांची आई, हे कळलं नाही. त्यांना दुकान बंद करून आल्यावर, चहा झाल्यावर, लहानपणी घरी केळ्याला काय म्हणायचे ते विचार. केळं, केयं की केरं? ते काय म्हणतात ते तस्संच लिहून मला कळव.

तुझी,
मावशी